स्पेसबार कुणाचा?

लेखमाला : यंत्रांच्या पोटात (भाग ७)

इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरला कळणारी आज्ञावली एआरएमला का कळत नाही, ते गेल्या भागात पाहिलं. या फरकाचा चटका कुणाला बसतो, हे आता एका चांगल्या उदाहरणातून पाहू.

अमेरिकेत ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’, म्हणजे एफआरसी, नावाची शाळकरी मुलांची स्पर्धा १९९२ पासून भरते. डीन केमन या संशोधकाने ती सुरू केली. आपल्या मुंबईचा ‘द आर फॅक्टर’ हा ६०२४ क्रमांकाचा संघही तिथे उतरलेला आहे. स्पर्धा शाळकरी असली तरी रोबो खेळण्यातला नसतो. बॅटरी आणि बंपर धरले की त्याचं वजन पन्नास किलोंच्या पुढे जातं. असं धूड अंगावर आलं तर पायाचं हाड मोडू शकतं, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

रोबोचा प्रोग्रॅम मॅकवर, लिनक्सवर, कुठेही लिहिता येतो. त्यासाठीच्या ‘डब्ल्यूपीआयलिब’ या लायब्ररीची साधनं सगळीकडे चालतात. अडचण पुढे येते. रोबोला ‘आता हल’ ही परवानगी देणारं ‘ड्रायव्हर स्टेशन’ हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. पूर्वी मॅकवाले ‘बूट कॅम्प’ वापरून त्याच लॅपटॉपवर विंडोज सुरू करायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ ही एआरएम चिप आणली आणि ती सोय संपली. आता संघातली एखादी मुलगी घरी मॅकबुकवर कोड लिहिते, वायफायवरून रोबोत चढवते, आणि रोबो ढिम्म हलत नाही!

उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, मॅकच्या पोटात विंडोज चालवणारा आभासी संगणक. पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन किंवा यूटीएम यांपैकी काहीही घ्या. इथे दोन वेगळी कामं एकमेकांवर रचलेली असतात आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. पहिलं काम व्हर्च्युअलायझेशनचं. यात पाहुण्या विंडोजच्या आज्ञा थेट चिपवरच चालतात. हायपरवायझर, म्हणजे हे आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, फक्त मेमरी आणि उपकरणं वाटून देतं आणि कुणी कुणाच्या हद्दीत शिरत नाही ना, यावर नजर ठेवतं. म्हणूनच हे विंडोजही एआरएमसाठी बांधलेलंच लागतं. दुसरं काम भाषांतराचं, आणि ते विंडोज स्वतः करतं. ड्रायव्हर स्टेशन इंटेलच्या आज्ञावलीत आहे. विंडोज ११ त्या आज्ञा एआरएममध्ये बदलून चालवतं. एआरएमवरच्या विंडोज १० ला हे फक्त ३२ बिटी प्रोग्रॅमपुरतं जमायचं, २०२१ च्या विंडोज ११ पासून ६४ बिटीही चालू लागले.

‘मग सगळं रखडत चालत असेल,’ असं वाटतं, पण तसं होत नाही. ड्रायव्हर स्टेशन रोबोला दर २० मिलिसेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवतं, सेकंदाला पन्नास. भाषांतराचा खर्च धरूनही आजच्या चिपला हे काम किरकोळ आहे.

घोडं अडतं ते ड्रायव्हरपाशी. भाषांतराची सोय साध्या प्रोग्रॅमांसाठी आहे. विंडोजच्या गाभ्यात शिरणारे ड्रायव्हर मात्र एआरएमचेच लागतात, तिथे भाषांतर होत नाही. त्यामुळे रोबोचा मेंदू असलेला ‘रोबोरिओ’ यूएसबीने जोडून त्यात नवी सिस्टीम भरायची, तर इंटेलसाठी लिहिलेला त्याचा ड्रायव्हर इथे चढतच नाही. रोबोरिओ २.० असेल तर वाट सोपी आहे. त्याची सिस्टीम एसडी कार्डावर असते आणि ते कार्ड मॅकवरूनही लिहिता येतं.

नेटवर्कचंही एक त्रांगडं आहे. संघाच्या क्रमांकावरूनच रोबोचा पत्ता ठरतो. ६०२४ चा रोबो १०.६०.२४.२ वर. ड्रायव्हर स्टेशन त्याला १११० या पोर्टवर हाक मारतं आणि रोबो उत्तर देतो ते ११५० या पोर्टवर. व्हर्च्युअल मशीन नेहमीच्या ‘शेअर्ड’ नेटवर्कवर असेल, तर ते मॅकच्या पत्त्यावर राहणारं पोटभाडेकरू असतं. उत्तर मॅकच्या दारात येतं, पण आत कुणाला द्यायचं हे मॅकला ठाऊक नसतं. सेटिंगमध्ये ‘ब्रिज्ड’ निवडलं की विंडोजला स्वतःचा पत्ता मिळतो. हे वायफायवर कधी कधी कुरकुरतं; इथरनेटची केबल लावलेली बरी.

इतकं जमलं की स्क्रीनवरचे दिवे हिरवे होतात आणि मुलं टाळ्या पिटतात. माझी काळजी तिथून पुढे सुरू होते.

रोबो चालू असताना एंटर दाबलं की तो निष्क्रिय होतो. स्पेसबार म्हणजे इमर्जन्सी स्टॉप. तो दाबल्यावर रोबोरिओ रीबूट केल्याशिवाय रोबो पुन्हा हलत नाही. साध्या विंडोज लॅपटॉपवर या दोन्ही कळा ड्रायव्हर स्टेशन कायम ऐकत असतं, समोर कुठलीही खिडकी उघडी असो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र कीबोर्ड आधी मॅकचा. विंडोजची खिडकी पुढे असेल तरच कळ आत पोचते. समजा, मुलगी मॅकच्या बाजूला कोडची ओळ तपासते आहे, इतक्यात रोबोचा हात भलतीकडे वळला. ती जिवाच्या आकांताने स्पेसबार दाबते, आणि कोडमध्ये एक मोकळी जागा उमटते. रोबो चालूच. पॅकेटं थांबली तर रोबो आपण होऊन थांबतो, पण इथे ती थांबतच नाहीत. मागच्या खिडकीतलं ड्रायव्हर स्टेशन इमानाने सेकंदाला पन्नास पॅकेटं पाठवत असतं. मॅक झोपला तर उलट बरं. पॅकेटं तुटतात आणि रोबो गप्प बसतो.

पॅरलल्सचा ‘कोहेरन्स’ हा प्रकार तर यासाठी वापरूच नये. त्यात विंडोजच्या खिडक्या मॅकच्या खिडक्यांत मिसळतात आणि कीबोर्ड कुणाच्या ताब्यात आहे, ते कळत नाही. रोबो चालू असेतो विंडोज पूर्ण स्क्रीनवर ठेवावं आणि कोड दुसऱ्याने दुसऱ्या लॅपटॉपवर पाहावा. चाचणीला रोबो ठोकळ्यांवर, चाकं अधांतरी ठेवावीत. आणि एकाने रोबोवरच्या १२० अँपिअरच्या मुख्य ब्रेकरचं लाल बटण हाताशी धरून उभं राहावं. ते बटण वीजच तोडतं, त्याला कुठल्या खिडकीची पर्वा नसते.

खरं तर निम्म्या वेळा या खटाटोपाची गरजच नसते. डब्ल्यूपीआयलिबमधलं सिम्युलेशन मॅकवर थेट चालतं आणि कोडचं तर्कशास्त्र तपासायला पुरतं. खऱ्या सामन्याला मात्र संघाने एखादा जुनापाना का होईना, विंडोज लॅपटॉप न्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या भागात : पॅकेटं तुटली हे रोबोला कसं कळतं?