इंग्लंडांतील घरें : राणीच्या काळचीं व आजचीं

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिनें १८३७ पासून १९०१ पर्यंत राज्य केलें. इंग्लंड व वेल्स मिळून १८०१ सालीं सुमारें ९० लक्ष लोकवस्ती होती, ती १९०१ सालीं सव्वातीन कोटींच्या घरांत गेली. कामधंद्यासाठीं शहरांत लोटलेल्या या माणसांकरितां ओळीच्या ओळी घरें उठलीं. त्यांपैकीं कित्येकांत अद्याप बिऱ्हाडें आहेत. इंग्लंडांतील दर पांच घरांत सुमारें एक घर १९१९ च्या पूर्वींचें आहे. यास्तव तीं घरें कशीं बांधीत व आज कशीं बांधतात, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हे. घरांत राहणाऱ्यांच्या आरोग्याशीं त्याचा निकट संबंध आहे.

प्रथम जुन्या घराची भिंत पाहूं. ती बहुधा नऊ इंच जाडीची, भरीव विटांची व चुन्यांत बांधलेली असे. वीट व चुना हे दोन्ही पदार्थ सच्छिद्र आहेत. पावसाचें पाणी भिंतींत थोडें मुरे, आणि वारा व ऊन लागतांच वाफ होऊन निघून जाई. तळमजल्याची जमीन लांकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली असे. तिच्याखालीं पोकळी राखून बाहेरच्या भिंतींत जाळीच्या विटा बसवीत, म्हणजे हवा खेळती राहून लांकूड कुजत नसे. खोल्यांतून दगडी कोळशाची शेगडी व तिजवर धुरांडें असे. शेगडी पेटली कीं खोलींतील दमट हवा धुरांड्यावाटें वर ओढली जाई व दाराखिडक्यांच्या फटींतून ताजी हवा आंत येई. सारांश, तें घर पाणी घेई आणि परत टाकी.

म्हणून तें सर्वस्वीं उत्तम होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. फटींतून थंडीही येई. गरिबांच्या वस्तींत पाठीस पाठ लावून बांधलेल्या घरांना मागील बाजूस एकही खिडकी नसे. जमिनींतील ओल भिंतींत चढे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें स्थानिक मंडळ्यांस बांधकामाचे नियम करण्याचा अधिकार मिळाला, आणि भिंतीच्या बुडाशीं पाटीच्या दगडाचा किंवा डांबराचा थर घालून ओल अडविण्याची चाल रूढ झाली. कोळशाच्या धुराचा उपद्रव तर पुढेंही पुष्कळ दिवस टिकला. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर धूर व धुकें यांचें दाट आवरण पडून हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर १९५६ सालीं धुरास आळा घालणारा कायदा झाला.

आतां नवें घर पाहूं. लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटची सनद घेतली. परंतु साध्या घरांत चुन्याची जागा सिमेंटनें घेतली ती विसाव्या शतकांत. त्याच शतकांत भिंत दुहेरी झाली. दोन भिंतींमध्यें सुमारें दोन इंच पोकळी ठेवीत, म्हणजे बाहेरचें पाणी आंतील भिंतीस पोंचत नसे. १९७३ सालीं तेल महागल्यावर ऊब राखण्याकडे अधिक लक्ष गेलें, आणि पोकळींत उष्णतारोधक पदार्थ भरणें व खिडक्यांस दुहेरी कांच बसविणें वाढत गेलें. छपरास आज कारखान्यांत जोडलेल्या कैच्या येतात. फटी बुजल्यामुळें स्वयंपाकाची व स्नानाची वाफ बाहेर घालविण्यास पंखे लावावे लागतात. जुन्या घराचा धर्म पाणी सोडून देणें हा, तर नव्याचा पाणी अडविणें हा होय.

अनर्थ होतो तो हे दोन धर्म एकत्र केल्यानें. जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटनें भरल्या, धुरांडें बुजविलें व जाळ्या बंद केल्या, तर आंतील ओलीस वाट उरत नाहीं. सिमेंट कठीण व वीट मऊ. म्हणून ओल विटेंतच सांचते, हिंवाळ्यांत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. तुळयांचीं टोंकें कुजतात. खोलींत बुरशी येते, व तिच्यामुळें मुलांस दमा-खोकल्याचा त्रास होतो. घर नीट करावयाचें म्हणून केलेला खर्च असा घराच्याच मुळावर येतो.

ही गोष्ट आपल्यासही लागू आहे. मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेस राणीच्या काळच्या दगडी इमारती आहेत, तर पश्चिमेस १९३० नंतरच्या सिमेंट-काँक्रीटच्या. दोन्हींस मिळून २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. पण दोन्हींच्या दुरुस्तीची रीत एक नव्हे. घाणींत मळलेल्या चुन्याचे वाडे आमच्या गांवोगांवीं आहेत. येथें पाणी गोठत नाहीं खरें, परंतु चार महिन्यांचा पाऊस भिंतींत मुरतोच. म्हणून आमची पालकांस विनंति आहे कीं, जुन्या घरास सिमेंटचा गिलावा देण्यापूर्वीं ती भिंत कशांत बांधली आहे, हें जाणत्या गवंड्याकडून पाहून घ्यावें. विद्यार्थ्यांनींही आपल्या घराची भिंत एकदां निरखून पाहावी. तिच्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.