हवा भरताना टायरसमोर उभे राहू नका

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलात की सिलतरा लागते. स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने, धुरळा आणि दिवसरात्र ये-जा करणारी अवजड वाहने. 3 मे 2022 रोजी इथल्या एका वर्कशॉपमधल्या सीसीटीव्हीने टिपलेले काही सेकंद देशभरातल्या मोबाइलवर फिरले. कदाचित तुमच्याकडेही तो व्हिडिओ आला असेल. एक कामगार जेसीबीच्या मोठ्या टायरमध्ये हवा भरतो आहे. दुसरा येतो आणि हवा किती झाली हे बघायला टायर हाताने दाबतो. क्षणात टायर फुटतो आणि दोघेही उडून पडतात. दोघांचाही जीव गेला. मध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्यातून ते कामासाठी इथे आले होते.

त्या व्हिडिओतली हाताने दाबण्याची कृती नीट आठवा, कारण ती आपण सगळेच करतो. स्कूटरचे चाक अंगठ्याने, गाडीचे पायाने, ट्रकचे हातोडीने. पण मोठा टायर अर्धा भरला तरी हाताला दगडासारखाच लागतो आणि मर्यादेबाहेर भरला तरी तसाच. हाताला फरक कळत नाही, मीटरला कळतो.

आता थोडे गणित. ट्रकच्या टायरमध्ये साधारण 100 पीएसआय हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 किलोचा दाब. टायरचा व्यास एक मीटर आणि रिमचा अर्धा मीटर धरला, तर टायरच्या एका बाजूवर एकूण जोर येतो सुमारे 41 टन! भरलेला टायर भिंतीला टेकून निवांत उभा दिसतो, तेव्हा हा जोर आतून सतत बाहेर ढकलत असतो. शिवाय हवा दाबली की स्प्रिंगसारखी आवळून बसते. वाट मिळाली की सगळी एकदम सुटते.

ही वाट दोन ठिकाणी मिळते. जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या चाकात रिम एकसंध नसते. टायर चढवून वर लोखंडी रिंग बसवतात. रिंग गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्याच रिमची असेल तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. हवा कमी असताना टायर बराच पळवला की त्याच्या बाजूतल्या पोलादी तारा वाकून वाकून थकतात. बाहेरून टायर धडधाकट दिसतो, पण पुन्हा हवा भरली की तारा एकामागून एक तुटत जातात आणि टायरची बाजू चेन उघडावी तशी फाटते. म्हणून ‘हवाच तर कमी झाली होती, भरून टाक’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटते. असा टायर आधी रिकामा करून, रिमवरून उतरवून आतून तपासायला हवा.

अमेरिकेत रिंगवाल्या चाकांसाठी 1980 मध्ये सुरक्षेचा नियम आला आणि 1984 मध्ये तो अवजड वाहनांच्या एकसंध रिमलाही लागू झाला. त्यात अवघड काही नाही. उतरवलेला टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची. नोजल चिमट्याने अडकवायचे, हातात धरून बसायचे नाही. मीटर आणि कॉक नळीवर, आणि नळी इतकी लांब की माणूस टायरच्या समोर नव्हे, बाजूला दूर उभा राहील. टायर रिमवर असताना वेल्डिंग करायचे नाही, तापवायचे नाही. हवा भरलेली असताना रिंगवर हातोडा तर मारायचाच नाही.

आपल्याकडे, नागपूरहून रायपूरला येणाऱ्या हायवेवरच्या टपऱ्यांत काय दिसते? रिंग उडू नये म्हणून चाकात अडकवलेली पहार किंवा साखळी. धोका आहे हे त्या कारागिराला ठाऊक असते, हेच यातून दिसते. पण पहार म्हणजे पिंजरा नव्हे. ती स्वतःच उडू शकते. पिंजराही गेटवाल्याकडून पातळ अँगल जोडून घेतलेला चालत नाही. अमेरिकी नियमात त्याने टायरच्या कमाल दाबाच्या दीडपट जोर सोसायला हवा असतो.

तुमच्या कारमध्ये 30-35 पीएसआयच हवा असते, त्यामुळे धोका कमी, पण शून्य नाही. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा भरताना मुलांना चाकाशी वाकून बघू देऊ नका. टायर फुगलेला दिसला, धागे बाहेर आले असतील किंवा भरताना तडतड आवाज आला तर भरणे थांबवून दूर व्हा. ‘अजून थोडी मार’ असा आग्रह पंक्चरवाल्याला करू नका. घाई गिऱ्हाइकाची असते, टायरजवळ तो बसलेला असतो.

पिंजऱ्याला पैसे लागतात. लांब नळी आणि चिमट्याच्या नोजलला फारसे लागत नाहीत. घरात ट्रक, टिपर किंवा ट्रॅक्टर असेल तर आज रात्री जेवताना ड्रायव्हरला किंवा मुलाला एवढेच विचारा: हवा भरताना तू नेमका कुठे उभा असतोस?