प्रकाशीय तबकडी ड्राइव्ह

लेसर शलाकेच्या साहाय्याने फिरत्या तबकडीवरील अंकीय माहिती वाचणारे आणि बहुधा कोऱ्या तबकडीवर ती नोंदणारेही संगणकाचे उपकरण. सीडी (१९८२), डीव्हीडी (१९९६) व ब्ल्यू-रे (२००६) या तीन पिढ्यांच्या तबकड्यांसाठी असे ड्राइव्ह तयार झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सु. दोन दशके घरगुती संगणकात ड्राइव्ह असणे गृहीतच धरले जाई. पुढे पेन ड्राइव्ह व आंतरजाल यांच्या प्रसारामुळे तो संगणकाच्या पेटीतून वगळला जाऊ लागला. तथापि लग्नसमारंभांची चित्रणे, छायाचित्रे, नाटके व गाणी अशा असंख्य नोंदी अद्याप तबकड्यांवरच असल्यामुळे तो स्वतंत्रपणे निवडून विकत घेण्याची वेळ अनेकांवर येते. चांगला व सामान्य ड्राइव्ह यांतील फरक नव्या, स्वच्छ तबकडीवर सहसा दिसत नाही. ओरखडे पडलेल्या, जुन्या किंवा सदोष नोंदलेल्या तबकडीवर तो स्पष्ट होतो. म्हणून ड्राइव्हची पारख जाहिरातीतील वेगावरून न करता दोष सोसून अचूक वाचण्याच्या व निर्दोष लिहिण्याच्या क्षमतेवरून करणे इष्ट असते.

रचना व कार्य : तिन्ही प्रकारच्या तबकड्यांचा नेहमीचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असते. छापील तबकडीत आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल मार्गावर सूक्ष्म खळगे असतात व त्यांवर परावर्तक धातूचा पातळ थर असतो. अर्धसंवाहक लेसरातून निघालेली शलाका भिंगाने या मार्गावर केंद्रित केली जाते. खळग्याच्या कडेशी परावर्तित प्रकाशाची तीव्रता बदलते व हा बदल प्रकाशसंवेदक टिपतो. एकदाच नोंदता येणाऱ्या नेहमीच्या सीडी व डीव्हीडी तबकड्यांत खळग्यांऐवजी कार्बनी रंजकद्रव्याचा थर असून अधिक शक्तीच्या शलाकेने त्यावर खुणा उमटविल्या जातात. पुनर्लेखनक्षम तबकडीत मिश्रधातूचा थर स्फटिकी व अस्फटिकी अवस्थांमध्ये बदलला जातो.

सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर व ब्ल्यू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतात. तरंगलांबी घटते तसा प्रकाशबिंदू लहान होतो व मार्ग अधिक जवळ आणता येतात. लगतच्या दोन मार्गांतील अंतर सीडीत १.६, डीव्हीडीत ०.७४ व ब्ल्यू-रेमध्ये ०.३२ मायक्रोमीटर असते. त्यामुळे एका थरावर अनुक्रमे सु. ७०० मेगाबाइट, ४.७ गिगाबाइट व २५ गिगाबाइट माहिती मावते. तबकडी किंचित वाकडी किंवा केंद्रच्युत असली, तरी तारेची वेटोळी व चुंबक यांच्या योगाने भिंग वरखाली आणि आजूबाजूला सरकवून शलाका मार्गावर टिकवली जाते. या नियंत्रणाची अचूकता हा ड्राइव्हच्या दर्जाचा पहिला घटक होय.

दोषदुरुस्ती : तबकडीवर मूळ माहितीबरोबर दुरुस्तीसाठी जादा अंकही नोंदलेले असतात. १९६० मध्ये मांडलेल्या रीड-सॉलोमन संकेतांवर ही पद्धत आधारलेली आहे. सलग माहिती मार्गावर विखरून नोंदल्यामुळे सीडीवरील मार्गाच्या दिशेने सु. २.५ मिमी. लांबीपर्यंतचा दोषही पूर्णपणे भरून काढता येतो. संगणकीय सीडीच्या २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात वापरकर्त्याची माहिती सामान्यतः २,०४८ बाइट असून उरलेल्या जागेचा बराच भाग अधिक दुरुस्तीसाठी राखलेला असतो. संगीताच्या सीडीत हा जादा स्तर नसतो. दुरुस्त न होणाऱ्या जागी आजूबाजूच्या मूल्यांवरून अंदाजे मूल्य भरले जाते व कानाला ते बहुधा जाणवत नाही. जुन्या संगीताची प्रत संगणकावर घेताना मात्र हा दोष कायमचा नोंदला जातो. म्हणून अशा कामासाठी, दुरुस्त न झालेल्या जागांची सूचना प्रणालीला प्रामाणिकपणे देणारा ड्राइव्ह घ्यावा.

वेग : सीडीचा एकपट वेग सेकंदाला १५० किलोबाइट, डीव्हीडीचा सु. १.३८ मेगाबाइट व ब्ल्यू-रेचा सु. ४.५ मेगाबाइट असतो. वेष्टनावरील आकडा या एककाची कमाल पट दर्शवितो. ५२ पट वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सु. १०,००० फेरे घेते आणि हा वेग केवळ बाहेरच्या कडेशी मिळतो. आतील कडेशी तो निम्म्याहूनही कमी असतो. अतिवेगाने आवाज व कंपन वाढते, वाचनात चुका होतात आणि तडा गेलेली तबकडी फुटण्याचा धोका असतो. चांगला ड्राइव्ह अडचणीच्या जागी स्वतःहून वेग कमी करतो व पुनःपुन्हा वाचून पाहतो. डीव्हीडीच्या १६ पट व २४ पट लेखनवेगांत प्रत्यक्ष फरक एखाद-दुसऱ्या मिनिटाचाच पडत असल्याने निवडीत त्याला फारसे महत्त्व देऊ नये.

लेखनाचा दर्जा : कोऱ्या तबकडीवर तिच्या उत्पादकाची सांकेतिक ओळख नोंदलेली असते. ती वाचून ड्राइव्हमधील नियंत्रक प्रणाली लेसरची शक्ती व स्पंदांचा कालावधी ठरविते. ओळख अपरिचित असल्यास लेखन सामान्य पद्धतीने होऊन निकृष्ट ठरू शकते. म्हणून जिच्या नियंत्रक प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या मिळतात, अशी बनावट पसंत करावी. लेखन चालू असता माहितीचा पुरवठा खंडित झाल्यास पूर्वी तबकडी वाया जाई. सान्यो कंपनीने २००० मध्ये आणलेल्या तंत्राने लेखन थांबवून त्याच बिंदूपासून पुढे चालू करणे शक्य झाले व नंतर अशी सोय सार्वत्रिक झाली. काही ड्राइव्ह नोंदलेल्या तबकडीवरील दोषांची मोजणीही करतात. शिनानो केन्शी या जपानी कंपनीच्या प्लेक्सटर ड्राइव्हांची ख्याती काही अंशी या सोयीमुळे होती. डीव्हीडीत लागोपाठच्या आठ दुरुस्ती खंडांतील अंतर्गत दोषांची बेरीज २८० पेक्षा अधिक नसावी, असा दंडक आहे. ड्राइव्हागणिक मोजणी बदलत असल्याने तुलना मात्र एकाच ड्राइव्हवर करावी.

प्रकार व जोडणी : पेटीत बसणारा पूर्ण रुंदीचा ड्राइव्ह जड असून स्थिर राहतो. १२.७ किंवा ९.५ मिमी. जाडीचे सडपातळ ड्राइव्ह मुख्यतः मांडीवरील संगणकांत व बाह्य उपकरणांत असतात. त्यांचे वेग सामान्यतः कमी असतात. बाह्य ड्राइव्हला वीज बहुधा यूएसबी तारेतूनच मिळते. यूएसबी २.० जोडणीतून ५०० व ३.० जोडणीतून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळू शकतो. चलित्र सुरू होताना किंवा लेखनसमयी तो अपुरा पडल्यास ड्राइव्ह मध्येच बंद पडतो आणि दोष तबकडीवर ढकलला जातो. म्हणून दुहेरी तारेची किंवा स्वतंत्र वीजपुरवठ्याची सोय पाहावी. ब्ल्यू-रे ड्राइव्ह सामान्यतः सीडी व डीव्हीडीही वाचतो. डीव्हीडी ड्राइव्ह ब्ल्यू-रे वाचू शकत नाही. चित्रपटांच्या डीव्हीडींना प्रदेशसंकेत असून भारताचा संकेत ५ आहे. ड्राइव्हवरील संकेत वापरकर्त्याला सामान्यतः पाच वेळाच बदलता येतो.

परीक्षा व काळजी : खरेदीनंतर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक छापील, एक जुनी नोंदलेली व एक ओरखडे असलेली तबकडी पूर्णपणे वाचून पाहावी. बाहेरच्या कडेशी दोष अधिक आढळत असल्याने थोडासा भाग वाचून समाधान मानू नये. नोंदलेली तबकडी मुळाशी ताडून पाहावी व शक्य तर दुसऱ्या ड्राइव्हवरही वाचावी. केवळ स्वतःच्याच ड्राइव्हवर वाचली जाणारी तबकडी जतनाच्या दृष्टीने निरुपयोगी होय. धूळ व दमटपणा यांमुळे भिंग मलिन होते. वीज चालू असताना ड्राइव्ह उघडू नये, कारण आतील लेसर डोळ्यांस अपायकारक असतो.

मागणी घटल्याने या उपकरणांचे व तबकड्यांचे उत्पादन आकुंचित होत आहे. सोनी कंपनीने नोंदणीयोग्य ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. रंजकद्रव्याचा थर कालांतराने, विशेषतः उष्णता व प्रकाश यांमुळे, क्षीण होतो. दोष दुरुस्तीच्या मर्यादेत असेतोवर तबकडी निर्दोष भासते. मर्यादा ओलांडल्यावर ती एकाएकी वाचेनाशी होते. यास्तव महत्त्वाच्या तबकड्यांवरील माहिती चांगल्या ड्राइव्हने वेळीच वाचून निदान दोन निराळ्या ठिकाणी उतरवून ठेवणे श्रेयस्कर ठरते.