जुना खेळ, नवा संगणक

माळ्यावर चौकोनी फ्लॉप्यांचा डबा अजून पडून आहे का? दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. त्यात ‘सिव्हिलायझेशन’ असं लिहिलेली फ्लॉपी सापडली, तर तिच्यात एखादं अख्खं राज्य झोपलेलं असेल!

अमेरिकेतल्या मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ साली काढलेला हा खेळ सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचला. इसवी सनापूर्वी ४००० साली मूठभर माणसं घेऊन निघायचं, गाव वसवायचं, शेती करायची, रस्ते बांधायचे आणि थेट अंतराळयानापर्यंत मजल मारायची. भारतीयांचे नेते म्हणून त्यात महात्मा गांधीही आहेत. आणि गृहिणीच्या सोयीची गोष्ट म्हणजे हा खेळ आपल्यासाठी थांबतो. दूध उतू जायला लागलं तर खुशाल उठा. तुमची खेळी झाल्याशिवाय शत्रू पाऊल उचलत नाही!

तो चालत का नाही?

हा खेळ डॉस या जुन्या प्रणालीसाठी, १६ बिटच्या हिशेबाने लिहिलेला आहे. ६४ बिटचं विंडोज असले प्रोग्रॅम चालवत नाही आणि २०२१ साली आलेलं विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचंच आहे. यावर उपाय म्हणजे ‘डॉसबॉक्स’. २००२ पासून फुकट मिळणारा हा प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करतो. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत.

साहित्य

खेळाच्या साडेतीन इंची फ्लॉप्या, यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह, डॉसबॉक्स आणि खेळाबरोबर आलेली पुस्तिका.

कृती

फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारीक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. फोल्डरचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत हवं. डॉसला लांब नावं समजत नाहीत. मग ‘सिव्ह’ ही मुख्य फाइल माउसने उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडा. चित्रांसाठी ‘व्हीजीए’, आवाजासाठी ‘अ‍ॅडलिब’ निवडा.

खेळ रेंगाळला तर कंट्रोल आणि एफ १२, फार धावला तर कंट्रोल आणि एफ ११ दाबा. पडदाभर हवा असेल तर आल्ट आणि एंटर. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ १० ने सुटतो.

एवढं जपा

पुस्तिका फेकू नका. अमुक शोध लागण्याआधी कोणते दोन शोध लागावे लागतात, असं खेळ मध्येच विचारतो; उत्तर त्या पुस्तिकेतच असतं. अर्धवट ठेवलेल्या डावाच्या दोन फाइली असतात. एकीच्या शेवटी ‘एसव्हीई’, दुसरीच्या ‘मॅप’. दोन्ही घ्या, एकटी उपयोगाची नाही. आणि हे काम लांबणीवर टाकू नका. फ्लॉपीवरचा चुंबकीय लेप काळाबरोबर क्षीण होतो. आज वाचता आली ती पुढच्या दिवाळीला येईलच असं नाही. एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा.

परगावी नोकरीला गेलेला मुलगा सुट्टीत आला, की त्याने कॉलेजात असताना अर्धं सोडलेलं राज्य त्याच्यापुढे मांडा. तोवर आपलं स्वतःचं एखादं राज्य वसवायला काय हरकत आहे?