‘नीट’ न देता मेंदूविज्ञानात

घरात आजीला स्मृतिभ्रंश झाला किंवा शेजारच्या काकांचा हात पार्किन्सनने थरथरू लागला, की मेंदूबद्दलचं कुतूहल पुस्तकापुरतं राहत नाही. यावर आपणही काही काम करावं, असं वाटू लागतं. पण तोवर माणूस बँकेत, शाळेत किंवा आयटी कंपनीत दहा वर्षं रुळलेला असतो. ‘आता या वयात कुठे नीट देणार?’ असं म्हणून विषय तिथेच संपतो. मेंदूविज्ञानाच्या वाटेवरचे बरेच अडसर फक्त समजुतीतले आहेत. काही खरेही आहेत, आणि ते आधीच माहीत असलेले बरे.

गैरसमज : मेंदूचा अभ्यास फक्त डॉक्टरच करतात.
वस्तुस्थिती : मेंदूच्या आजारांवर उपचार न्यूरॉलॉजिस्ट करतात. त्यासाठी एमबीबीएस, मग एमडी आणि त्यावर डीएम असा लांबचा प्रवास असतो. मेंदू चालतो कसा, हे शोधणाऱ्या मेंदूवैज्ञानिकाला मात्र लागते पीएचडी. जॉन ओकीफ तरुणपणी दिवसा विमाननिर्मिती कंपनीत नोकरी करत आणि रात्री अभियांत्रिकी शिकत. पुढे ते मानसशास्त्राकडे वळले. उंदीर ठरावीक जागी पोचला की त्याच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी जाग्या होतात, हे त्यांनी 1971 मध्ये दाखवलं. या कामासाठी 2014 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते मानकरी ठरले. त्यांच्यासोबत पुरस्कार मिळालेलं मोसर दांपत्यही मानसशास्त्राचंच.

गैरसमज : क्षेत्र बदललं की आधीचं शिक्षण वाया जातं.
वस्तुस्थिती : इथे तीच शिदोरी कामी येते. ऑक्टोबर 2024 मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 1,39,000 चेतापेशी आणि त्यांच्यातले कोट्यवधी सांधे आहेत. त्यासाठी मेंदूच्या असंख्य प्रतिमा जुळवायला संगणकतज्ज्ञ लागले. प्रकल्पाच्या प्रमुखांपैकी सेबॅस्टियन सुंग यांची पीएचडी सैद्धांतिक भौतिकशास्त्रातली आहे.
आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं. ओबेद सिद्दीकी मूळचे वनस्पतिशास्त्राचे. 1962 मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे ऊब वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर त्यांनी सीमोर बेंझर यांच्याबरोबर काम केलं आणि त्यातून चेतासंदेशांचं गणित उलगडत गेलं. बेंझरही आधी भौतिकशास्त्रज्ञच होते. माशीला वास आणि चव कशी कळते, याचा शोध मग टीआयएफआरमध्येच सुरू झाला.

गैरसमज : तिशी उलटली, आता उशीर झाला.
वस्तुस्थिती : डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक साठीत मेंदूकडे वळले आणि 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यातच रमले. पैशांचा हिशोब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. पीएचडी करताना विद्यावेतन देणाऱ्या सीएसआयआरच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला वयाची अट आहे, पीएचडीच्या प्रवेशाला सहसा नसते. 2023 पासून ही फेलोशिप दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता अशी आहे. पाच-सहा वर्षं अशा फेलोशिपवर घर चालेल का, हे घरच्यांसोबत बसूनच ठरवावं.

गैरसमज : यासाठी परदेशीच जावं लागतं.
वस्तुस्थिती : हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था, एनसीबीएस आणि निम्हान्स आहेत; मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर. कानपूर आणि गांधीनगरच्या आयआयटींत संज्ञानविज्ञान शिकवलं जातं. यांतल्या अनेक ठिकाणी भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी किंवा मानसशास्त्राच्या पदवीवर अर्ज करता येतो. नेमकी पात्रता त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी.

गैरसमज : मेंदूविज्ञान शिकलं की रुग्ण तपासता येतात.
वस्तुस्थिती : मुळीच नाही. पीएचडीमुळे नावाआधी ‘डॉक्टर’ लागतं, पण निदान करण्याचा किंवा औषध देण्याचा अधिकार मिळत नाही. मानसोपचाराचं कामही त्याचं वेगळं शिक्षण आणि नोंदणी असल्याशिवाय करता येत नाही. दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून ‘ब्रेन एक्स्पर्ट’ अशी पाटी लावणं ही रुग्णांची फसवणूक आहे. ज्यांना रुग्णांनाच भेटायचं आहे, त्यांनी ही आडवाट धरू नये.

सुरुवात कुठून करायची? राजीनामा देण्याआधी सहा महिने संध्याकाळी दोन तास काढा. पायथन ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र पक्कं करा. ‘न्यूरोमॅच अकॅडमी’चं अभ्याससाहित्य मोफत उपलब्ध आहे. ‘ओपनन्यूरो’वर मेंदूच्या प्रतिमांचा खरा डेटा आहे, तो हाताळून पाहा. हे करताना कंटाळा आला, तर नोकरी शाबूत आहे. वेळेचं भान राहिलं नाही, तर आवडीच्या प्रयोगशाळेचा एक शोधनिबंध दोनदा वाचा आणि तिच्या प्रमुखांना छोटं पत्र लिहा. तुम्हाला कोणता प्रश्न पडला आहे आणि तुमचं कोणतं कौशल्य त्यांच्या उपयोगी पडेल, एवढंच त्यात असू द्या. तो प्रश्न आजीच्या विसरण्यातून आलेला असेल, तर तेही संकोच न करता लिहा.