जपानला जाताना मराठी प्रवाशाने शिकावयाची वाक्ये

छत्रपती संभाजीनगर आणि जपान यांना अजिंठ्याने फार पूर्वीच जोडले आहे. १९८३ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या लेण्यांकडे जपानी बौद्ध यात्रेकरू श्रद्धेने येत राहिले असून, १९९०च्या दशकातील अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पालाही जपानने कर्जरूपाने साहाय्य केले. परिणामी काही मार्गदर्शकांनी जपानीचा रीतसर अभ्यास केला, तर लेण्यांच्या पायथ्याशी स्फटिक विकणाऱ्यांनी स्वागताची आणि किमतीची वाक्ये केवळ कानांनी टिपली. पुढे जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेची मुलेही रोबोटिक्सच्या ओढीने हीच भाषा शिकू लागली.

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशालाही ही भाषा वाटते तितकी परकी नाही. दोन्ही भाषांचे कूळ वेगळे असले, तरी दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंध दाखवणारे शब्द नामानंतर लागतात. ‘चहा आहे का?’ हे विचारताना जपानी माणूस ‘ओचा वा आरिमासु का?’ म्हणतो, त्यातील ‘वा’ हा वाक्याचा विषय दाखवणारा प्रत्यय सोडला, तर शब्दांचा क्रम मराठीचाच राहतो आणि प्रश्नार्थक ‘का’सुद्धा शेवटीच येतो. ‘काना’ या जपानी अक्षरमालेची अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न अशी मांडणी तर बौद्ध पंडितांनी भारतातून नेलेल्या वर्णविचारावरच आधारलेली आहे.

उच्चार लिहून घेण्यासाठी रोमन लिपीपेक्षा देवनागरी अधिक उपयोगी पडते, कारण जपानीत स्वराच्या लांबीने अर्थ बदलतो: ‘ओबासान’ म्हणजे मावशी वा आत्या, आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘त्सु’ हा उच्चारही मराठी माणसाला सोपा जातो, कारण ‘चुना’ म्हणताना त्याची जीभ जवळपास तोच ध्वनी काढते.

मात्र प्रश्न विचारता येणे आणि उत्तर समजणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने, ज्यांचे उत्तर हाताच्या खुणेने किंवा आकड्याने मिळते अशी वाक्ये प्रथम शिकावीत. ‘एकि वा दोको देसु का?’ म्हणजे स्थानक कुठे आहे, या प्रश्नावर समोरचा दिशा दाखवतो. ‘इकुरा देसु का?’ म्हणजे केवढ्याला, या प्रश्नावर दुकानदार गणकयंत्र पुढे करू शकतो. लक्ष वेधण्यासाठी आणि दिलगिरीसाठीही ‘सुमिमासेन’ चालते, तर आभारासाठी ‘आरिगातो गोझाइमासु’ म्हणतात.

शाकाहारी प्रवाशाने मात्र आणखी एक वाक्य पक्के पाठ करावे: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही. तेवढ्यानेही भागत नाही, कारण वरवर भाज्यांच्या दिसणाऱ्या अनेक पदार्थांत ‘दाशि’ हे पाणी वापरतात, जे बहुधा सुकवलेल्या माशापासून आणि समुद्री शेवाळापासून काढलेले असते. म्हणून ‘दाशि’ची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. भाषांतर करणारे फोनवरील अॅप पदार्थांची यादी वाचून दाखवते, परंतु त्या यादीत दाशिचा उल्लेख असतोच असे नाही, आणि तिथे प्रवाशाने स्वतः विचारलेला प्रश्नच कामी येतो.

ही वाक्ये वहीत उतरवून थांबू नये. ती मोठ्याने म्हणून, जाणकाराकडून उच्चार सुधारून घ्यावेत. अजिंठ्याच्या परिसरात असे जाणकार भेटतात, हे या जिल्ह्यातील प्रवाशाचे भाग्य आहे आणि त्याने त्याचा लाभ निघण्यापूर्वीच घ्यावा.