राजीनामा आणि राहिलेले दिवस

‘राजीनामा’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ संमतिपत्र. दोन्ही बाजू राजी आहेत असं सांगणारा कागद. मराठीत मात्र तो नोकरी सोडण्याचा कागद झाला, आणि त्यातली एक बाजू बहुतेक वेळा नाराजच असते.

माझ्या भाचीचंच उदाहरण घ्या. पगार महिना 30 हजार. नोकरी सोडायची तर 30 दिवस आधी कळवायचं, असं नेमणूकपत्रात लिहिलेलं. दुसरीकडे नोकरी मिळाली, पण ते लोक थांबेनात. नोटीस दिल्यावर ती 12 दिवस काम करून निघाली. कार्यालयाचा हिशेब आला : काम केल्याचे 12 हजार, राहिलेल्या 18 दिवसांचे 18 हजार वजा, तेव्हा तुम्हीच 6 हजार भरा. ती म्हणाली, “मामू, केलेलं कामही फुकट गेलं का?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. एक, केलेल्या कामाचा मोबदला. दुसरा, न पाळलेल्या मुदतीची भरपाई.

पहिल्याला कायद्याचं कुंपण आहे. 1936 चा वेतन प्रदान अधिनियम ठरावीक पगाराच्या आतल्या लोकांनाच लागू असे. 2017 पासून ती मर्यादा महिना 24 हजारांची होती. त्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात अशी मर्यादा नाही. राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावं, असं ती सांगते. पगारातून काय कापता येतं, याची यादीही तिच्यात आहे : गैरहजेरी, निष्काळजीपणानं झालेलं नुकसान, आगाऊ रक्कम, आयकर वगैरे. या सगळ्या कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या 50 टक्क्यांवर जाता येत नाही. नोटिशीचा उल्लेख येतो तो दहा किंवा अधिक जण संगनमतानं, योग्य कारण नसताना, न कळवता गैरहजर राहिले तर. आणि तेव्हाही नोटिशीपोटी जास्तीत जास्त आठ दिवसांचं वेतन. एकट्यादुकट्यासाठी असं स्वतंत्र कलम नाही.

मग मालकाचा काहीच हक्क नाही का? आहे. ऐन लग्नसराईत आचारी निघून गेला, तर खानावळवाल्याचं काय होतं ते त्यालाच विचारा. मात्र हा हक्क करारातून येतो. 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलम म्हणतं की, करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई मिळेल. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या बाबतीत, 3 वर्षं पुरी न करता गेलेल्या अधिकाऱ्याकडून 2 लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. तेव्हा सही केलेला कागद हलका समजू नये. मात्र पैसे मागता येतात म्हणून माणसाला जबरदस्तीनं कामावर बसवता येत नाही. त्याच्या भविष्य निर्वाह निधीलाही या कारणानं हात लावता येत नाही.

आम्ही भाचीचं नेमणूकपत्र पुन्हा वाचलं. भरपाई ‘मूळ वेतना’वर, असं त्यात लिहिलेलं. मूळ वेतन 15 हजार, म्हणजे दिवसाचे पाचशे. शिवाय 6 दिवसांची रजा शिल्लक होती. तिनं लेखी विनंती केली. कार्यालयानं रजा मुदतीत धरली. उरले 12 दिवस, कापले गेले 6 हजार. भरायचे होते 6 हजार, हाती आले 6 हजार.

बोलून प्रश्न सुटला नसता, तर वेतनाच्या दाव्यासाठी शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला 3 वर्षांची मुदत आहे. राजीनामा, तो पोचल्याची सही, पगाराच्या पावत्या मात्र जपून ठेवायला हव्यात.

बी. ए. झाल्यावर मी एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. अब्बा आजारी पडले आणि एका रात्रीत गावी निघालो. महिन्यातले 22 दिवस भरले होते. परत आल्यावर मालक म्हणाले, “न सांगता गेलात, आता कसला पगार?” चूक माझीच, असं समजून मी मान खाली घालून निघालो. चूक होतीही, पण ती राहिलेल्या दिवसांची होती. भरलेल्या 22 दिवसांत माझी काहीच चूक नव्हती. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.